टोलो, आत या!

पोलिसांना वाटलं, टोलोच्या छातीवर बॉम्ब बांधलाय.

चार गोळ्या पुढच्या काचेतून आल्या होत्या. दोन टोलोच्या छातीत, एक गळ्यात, आणि चौथी मागच्या बाकावर बसलेल्या एका बाईच्या जबड्यातून आरपार गेली. दुपारचे सव्वाचार वाजत आले होते. टॅक्सी म्हणजे आमच्याकडची पंधरा सीटची व्हॅन; ती अजून भरायची होती, माणसं चढत होती आणि टोलो स्वतःच्याच टॅक्सीत पुढच्या सीटवर बसून मटण-पाव खात होता. हवालदार आला, त्यानं टोलोचा शर्ट फाडला. आत पाच तारा, कमरेच्या पट्ट्याला काळा डबा, आणि डब्यात काहीतरी घरघरतंय. "बॉम्ब! बॉम्ब!" करत तो जो पळाला तो थेट पेट्रोल पंपापाशी थांबला. आमच्या उमताता गावचा टॅक्सी स्टँड दोन मिनिटांत ओस पडला. जबडा फुटलेली बाई रांगत रांगत स्वतःच बाहेर आली. टोलो मात्र दीड तास तसाच बसून होता, हातात पाव धरून. त्याच्या मांडीवर रस्सा आणि रक्त एकत्र वाळत होतं.

शेवटी सार्जंट मानेलीनं हिंमत करून खिडकीतून डब्यावरचं लेबल वाचलं आणि मला फोन केला.

"सिस्टर, हे यंत्र तुमचं आहे का?"

"माझंच आहे. त्याला हात लावू नका."

"हात कोण लावतंय! तुम्ही या आणि काढा."

मी गेले. मी थोझामा, हृदयाच्या क्लिनिकची सिस्टर. बावीस वर्षं माणसांच्या छात्या ऐकतेय. त्याच दिवशी सकाळी मी टोलोची छाती वस्तऱ्यानं भादरून पाच स्टिकर चिकटवले होते, तेव्हा तो म्हणाला होता, "माटोलो, जरा जपून. लग्नाच्या रात्रीसुद्धा माझी एवढी तपासणी झाली नव्हती." आता मला चारच स्टिकर सापडत होते. पाचव्याच्या जागी भोक होतं. डब्यातली कॅसेट अजून फिरत होती; टोलो मेल्यावरही दीड तास माझं यंत्र त्याच्या छातीवर इमानदारीत सरळ रेघ काढत होतं. मी बटण बंद केलं आणि तिथेच टॅक्सीच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले.

टोलो माझा सख्खा भाऊ नव्हता. त्याचं नाव वेलिले, आणि टोलो हे त्याच्या कुळाचं नाव. माझं माहेर त्याच कुळातलं, म्हणून मी माटोलो. आमच्याकडे एक कूळ म्हणजे भाऊ-बहीण, मग आई कुणाची का असेना. सहा महिन्यांपूर्वी तो क्लिनिकात आला, मी कूळ विचारलं, त्यानं सांगितलं, आणि त्या मिनिटाला मला भाऊ मिळाला. खरा भाऊ मी लहानपणीच गमावलाय. हा येताना माझ्यासाठी तळलेला गोड पाव आणायचा आणि माझ्या जाडीवरून मला चिडवायचा.

आता त्या क्लिनिकाबद्दल सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

आमच्याकडे एका नव्या गोळीचा अभ्यास चालू होता. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या, हृदय दुबळं झालेल्या माणसांना ही गोळी द्यायची. ती हृदयाला उगाच धावू देत नाही, ठोके आवरून धरते. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना खडूची. दिसायला दोन्ही सारख्या, चवीला सारख्या. कुणाला कुठली मिळते ते पेशंटला ठाऊक नाही, मला नाही, आमच्या डॉक्टर म्बेकेनींनाही नाही. प्रत्येकाच्या नंबरचं एक सीलबंद पाकीट पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीला कुलूप. मध्येमध्ये पेशंटच्या अंगावर चोवीस तासांसाठी तो डबा बांधायचा आणि एक वही द्यायची. किती वाजता काय केलं ते त्यानं वहीत लिहायचं.

परदेशातल्या साहेबांचा एक नियम होता: पेशंटला नावानं हाक मारायची नाही, फक्त नंबरानं. गुप्तता म्हणे. पहिल्याच आठवड्यात मी दार उघडून ओरडले, "शून्य-चार-एक!" तर एक म्हातारा काठी आपटत उठला. "पोरी, तीस वर्षं सोन्याच्या खाणीत मला नंबरानं हाका मारल्या. मरायच्या आधी तरी माणसासारखं बोलाव." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी नियम गुंडाळून ठेवला. कुळाच्या नावानं हाक मारायला लागले, कारण आमच्याकडे माणसाला याहून मोठा मान देता येत नाही. कागदावर नंबर, तोंडात कूळ. मला त्याचा अभिमान होता, सांगायला लाज कसली.

टोलो एरवी मंगळवारी यायचा. त्या मंगळवारी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेची बैठक होती म्हणून तो गुरुवारी आला. बैठक कशाची, तर क्वीन्सटाउनच्या रस्त्यावर कुणाच्या गाड्या धावणार याची. दोन संघटना त्या रस्त्यासाठी वर्षभर एकमेकांचे ड्रायव्हर मारत होत्या. टोलो एका संघटनेचा म्होरक्या.

त्या सकाळी बाकावर त्याच्या शेजारी मोन्डे बसला होता, माझा गुरुवारचा पेशंट. चव्वेचाळीस वर्षांचा, दूरच्या लुसिकिसिकीकडचा, जोला कुळाचा. आमच्या भाषेत मोन्डे म्हणजे धीर. आईबापांनी नाव बरोबर ठेवलं होतं. एवढा शहाणा पेशंट माझ्याकडे दुसरा नव्हता. वेळेवर यायचा, उरलेल्या गोळ्या मोजून आणायचा, सांगितलं तसं मानेवर दोन बोटं ठेवून स्वतःचे ठोके मोजायचा आणि वहीत लिहायचा. आला तेव्हा चहाचा कप धरला तर बशीत चहा सांडायचा, इतके हात थरथरायचे. दोन महिन्यांत थरथर गेली. "सिस्टर, माझी गोळी खरी आहे," तो हात पुढे करून दाखवायचा. "बघा. दगड." काय धंदा करतोस विचारलं तर म्हणायचा, "राखण."

टोलोनं त्यालाही गोड पाव दिला. दोघं तोंड भरून खात होते, हसत होते. मी दार उघडलं आणि ओरडले, "टोलो, आत या!"

टोलो हॅट काढून उठला. अर्ध्या तासानं मी मोन्डेला बोलावलं. दोघांच्या डब्यांतली वेळ मी माझ्या याच मनगटावरच्या घड्याळाशी जुळवली.

दुसऱ्या दिवशी मोन्डेनं डबा आणि वही परत आणून दिली. मला म्हणाला, "तुमच्या भावाचं कळलं, सिस्टर. वाईट झालं." त्याच्या वहीत लिहिलं होतं: दोन ते पाच, झोप.

तो गेल्यावर मी दोन्ही कॅसेट एकामागून एक लावल्या. का लावल्या? काम होतं म्हणून. टोलोची आधी लावली. चार वाजून दहा मिनिटांपर्यंत ठोके शहात्तर, जेवणारा माणूस. चार बाराला उडी, एकशे साठ. मग रेघा वेड्यावाकड्या, मग लांब लांब, आणि चार एकोणीसला काही नाही. सात मिनिटं जगला तो, आणि आजूबाजूला एवढी माणसं असताना एकानं जवळ जाऊन त्याचा हात धरला नाही.

मग मोन्डेची. चार बारापर्यंत अठ्ठावन्न. चार बाराला अठ्ठावन्न. चार वीसलाही अठ्ठावन्न. पण चार बाराला रेघेवर चार ओरखडे होते. उजव्या खांद्याजवळच्या तारेला चार झटके, एकामागोमाग, सारख्या अंतरानं. टेबलावर चारदा मूठ आपटली तर येतील तसे.

चार गोळ्या, चार झटके, आणि तेही चार बाराला. मी दाराची कडी लावली आणि पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. चारच.

डॉक्टर म्बेकेनी चांगला माणूस, पण सशाचं काळीज. कॅसेटवरून मी काढलेली कागदाची पट्टी त्यांनी पाहिली आणि घाम पुसला.

"माटोलो, तू काही पाहिलेलं नाहीस."

"पाहिलंय."

"पेशंटची माहिती बाहेर दिली तर अभ्यास बंद पडेल. साहेब येऊन मला फाडून खातील."

"आणि माझ्या भावाला कुणी फाडलं?"

"तो तुझा भाऊ नव्हता गं! मी तुला गाडलेलं बघायचं का?"

"मग फुलं आणा," मी म्हणाले, आणि पट्टी पिशवीत घालून पोलीस ठाण्यात गेले.

सार्जंट मानेलीकडे एक साक्षीदार होता, पेट्रोल पंपावरचा माणूस, त्यानं मारेकऱ्याची अंगकाठी पाहिली होती. त्याची साक्ष आणि माझी पट्टी, एवढ्यावर मोन्डेला पकडलं. त्यानंतरचे तीन आठवडे मी विसरणार नाही. टोलोच्या माणसांनी दुसऱ्या संघटनेच्या एका ड्रायव्हरला गाडीसकट पेटवलं. दार आतून उघडत नव्हतं, त्याच्या बोटांचे ठसे वितळलेल्या काचेवर राहिले. त्याच्या बदल्यात टोलोच्या पुतण्याला भर बाजारात कोयत्यानं तोडला. पंपावरचा साक्षीदार नदीत सापडला, आणि ज्या डोळ्यांनी त्यानं पाहिलं ते डोळे नव्हते. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन गोळ्या आल्या, एक मक्याच्या पातेल्यात शिरली. मी पातेलं तसंच पोलिसांकडे नेलं. मानेली म्हणाला, "सिस्टर, आता तुमच्या पट्टीशिवाय आमच्याकडे काही नाही."

जामिनाच्या सुनावणीला मोन्डे स्वच्छ पांढरा शर्ट घालून आला होता. मला पाहून त्यानं मान लववली.

त्याचा वकील क्लासन, गोरापान आणि गोडबोल्या. तीच पट्टी त्यानं माझ्यापुढे धरली.

"सिस्टर, झोपलेल्या माणसाचे ठोके किती असतात?"

"पन्नास-साठ."

"आणि माणूस मारणाऱ्याचे?"

"मी अजून कुणाला मारलेलं नाही."

लोक हसले. तोही हसला. "बरं, तुमच्या अंगणात रात्री कुत्रं भुंकलं, तर तुमचे किती होतील?"

"शंभर."

"माझ्या अशिलाचे चार बाराला किती आहेत?"

"अठ्ठावन्न. पण ते चार ओरखडे बघा."

"खोकल्यानं असे ओरखडे येतात?"

"येतात."

"चारदा खोकलं तर?"

मी दात ओठ खाल्ले. "चार येतात."

"म्हणजे माझा अशील घरी झोपला होता आणि झोपेत खोकला. तुमच्याच यंत्रानं ते लिहून ठेवलंय. आभारी आहे."

तो बसायला वळला आणि माझं डोकं फिरलं. मी न्यायाधीशबाईंना म्हणाले, "बाई, याला खरी गोळी मिळत असेल तर हा गोळ्या झाडो नाहीतर नाचो, ठोके चढणारच नाहीत. ते गोळीचं कामच आहे. पाकीट उघडा. पाकिटात 'खरी' निघालं, तर हे अठ्ठावन्न झोपेचे नाहीत, औषधाचे आहेत. याचे हात दोन महिन्यांपूर्वी थरथरत होते, मी पाहिलेत. हे औषधच आहे!"

डॉक्टर म्बेकेनी उभे राहिले. पाकीट उघडलं तर अभ्यास नासेल, वगैरे वगैरे. बाईंनी त्यांना खाली बसवलं. दुपारी पत्र्याची पेटी आली. शून्य-पाच-एक, म्हणजे मोन्डेचं पाकीट बाईंनी स्वतः फाडलं. मी मनात म्हणत होते, खरी, खरी, खरी. टोलोचं सगळं त्या चिठ्ठीवर होतं. कोयते थांबणार होते, मोन्डे तुरुंगात जाणार होता, आणि मला झोप लागणार होती.

बाईंनी वाचलं, "रिकामी गोळी."

क्लासननं टाळी वाजवायचीच बाकी ठेवली. खडू! म्हणजे हृदय आवरणारं काहीच नव्हतं, म्हणजे माणूस झोपलाच होता. जामीन झाला. मी खुर्चीचा हात धरून बसून राहिले. सुटलेला माणूस हसतो, वकिलाला मिठी मारतो. मोन्डे तसा उभाच होता आणि स्वतःच्या हातांकडे बघत होता.

तेव्हा मला कळलं. चार बाराला औषध नव्हतं, झोपही नव्हती. टोलोच्या गळ्यातून गोळी जाताना याचं हृदय आपणहून अठ्ठावन्नवर चाललं होतं.

पाकीट उघडलं की पेशंट अभ्यासातून बाद. बाद करतानाही नियम असतात: शेवटची तपासणी, उरलेल्या गोळ्या परत, डॉक्टरांची चिठ्ठी. येईल असं मला वाटलं नव्हतं, पण पुढच्या गुरुवारी सकाळी सातलाच तो बाकावर होता. कुळाचं नाव माझ्या जिभेवर येईना. मी नुसतं बोटानं बोलावलं.

आत येऊन त्यानं बाटली टेबलावर आपटली. झाकण उडालं, गोळ्या जमिनीवर सांडल्या, आणि त्यानं बुटाच्या टाचेनं त्या चिरडल्या. पांढरी पूड झाली.

"खडू," तो म्हणाला. "मला खडू चारलात."

मी त्याचा हात धरून ठोके मोजले. एकशे चोवीस. मनगट माझ्या बोटांत थडथडत होतं.

"कधीपासून?"

"पाकीट फाडलं त्या दिवसापासून. झोप नाही. चमचा धरवत नाही." त्यानं माझा दंड पकडला, इतका घट्ट की आठवडाभर काळा डाग होता. "मला खरी द्या, सिस्टर."

"समोरच्या सरकारी दवाखान्यात ब्लडप्रेशरची गोळी मिळते, ती याच जातीची. डॉक्टर चिठ्ठी देतील."

"ती तरी खरी कशावरून?"

"खरीच असते."

"तुम्ही आधीही असंच म्हणालात."

"मी कधीच म्हणाले नाही. निम्म्यांना खरी, निम्म्यांना खडू, असं सांगितलं होतं तुला."

"पण सांगताना माझ्याकडे बघून हसलात." लहान मुलासारखं तोंड झालं त्याचं. मग तो दंड न सोडता हळू आवाजात बोलायला लागला. "त्या दिवशी चौथ्या गोळीनंतर मी भिंतीमागे गेलो आणि दोन बोटं मानेवर ठेवली, तुम्ही शिकवलंत तशी. अठ्ठावन्न. म्हटलं, वा! सिस्टरची गोळी म्हणजे गोळी. पूर्वी मला एका माणसाला तीन-तीनदा मारावं लागायचं, हात हलायचा म्हणून. तुमच्यामुळे हात बसला असं मी सगळ्यांना सांगत होतो."

"अंगावर माझा डबा असताना?"

"तुम्हीच म्हणालात, चोवीस तास काढायचा नाही."

"हे मला का सांगतोस?"

"कोर्टात व्हायचं ते झालं, साक्षीदारही उरला नाही. आता कुणाला सांगाल? आणि सिस्टर, रागानं काय बघताय? तो दाखवलात तुम्हीच."

"काय?"

"मला चेहरा कुठे माहीत होता? परगावचा माणूस मी, म्हणूनच तर बोलावतात आम्हाला. एवढंच सांगितलेलं, टोलो, हृदयाच्या क्लिनिकात जातो. महिनाभर या बाकावर म्हातारे मोजत होतो. त्या दिवशी एकानं गोड पाव दिला, मी खाल्ला. आणि तुम्ही दार उघडून ओरडलात, 'टोलो, आत या!' तर पाव देणाराच उठला." तो हसला. "मला वाईट वाटलं हो. पाव चांगला होता."

मी त्याला ढकलून दिलं. "बाहेर बस. चिठ्ठी तयार झाली की बोलावते."

तो बाहेर गेला आणि मी बेसिनमध्ये ओकले. माझी हाक. माझा मान. नंबर म्हटलं असतं, शून्य-तीन-आठ म्हटलं असतं, तर टोलो मंगळवारी पाव घेऊन आला असता.

तोंड धुऊन मी बाहेर गेले तर बाकावर दोन अनोळखी माणसं बसली होती. बाहेर सकाळीच अंगाची लाही होत होती आणि या दोघांच्या मांडीवर घोंगडी. नवे पेशंट असतील म्हणून मी वही पुढे केली.

"आम्ही न्यायला आलोय, आई," एक जण म्हणाला. बोली क्वाझुलूकडची, परमुलखातली. "जोला नावाचा माणूस. आलाय का तो?"

त्यांच्यापासून चार हातांवर, कोपऱ्यात, टोपी डोळ्यांवर ओढून मोन्डे बसला होता. दोन्ही हात काखेत दाबले होते. बाकावर आणखी तिघे त्याच वयाचे होते.

"इथे नंबरानं बोलावतात," मी म्हणाले, आणि आत गेले.

डॉक्टर चिठ्ठीवर सही करत होते. मागच्या खोलीत फोन होता. मानेलीचा नंबर मला तोंडपाठ होता. मी फोनकडे पाहिलं. पोलीस आले असते, दोघांना पकडलं असतं, मोन्डे चिठ्ठी घेऊन समोरच्या खिडकीवर गेला असता. आज ना उद्या एखाद्या गोळीवर त्याचा विश्वास बसला असता, आणि हात पुन्हा दगड झाला असता. चिठ्ठी मी हातात घेतली. फोनला हात लावला नाही.

दारात उभी राहून मी ओरडले, "शून्य-एक-सात!"

म्हातारी नोबान्टू दचकली. "कोण? मी?"

"हो, तुम्हीच. आत चला, वजन करायचंय. शून्य-दोन-तीन! शून्य-सहा-शून्य!"

"आज हिला काय झालंय?" कुणीतरी पुटपुटलं. "तुरुंग केलाय नुसता." खाणीतला म्हातारा काठी आपटत गेला आणि जाताना माझ्याकडे न बघता थुंकला. एकेक करून मी सगळ्यांना आत घेतलं, मागच्या खोलीत कोंबलं, दार लावलं. बाक रिकामा झाला. घोंगडीवाले दोघे राहिले, आणि कोपऱ्यात मोन्डे. तोवर त्या दोघांना अंदाज आलाच असेल म्हणा. पण असली माणसं अंदाजावर काम करत नाहीत, पक्कं व्हावं लागतं.

मोन्डेनं टोपी वर करून माझ्याकडे पाहिलं. आता माझा नंबर, असं त्याच्या तोंडावर होतं. शून्य-पाच-एक. नियमाप्रमाणे तेवढंच म्हणायचं होतं.

"जोला," मी म्हणाले, स्वच्छ आणि मोठ्यानं, "आत या!"

तो तोंडभर हसला. सगळ्यांना नंबर आणि त्याला एकट्याला मान, असं वाटलं असेल बिचाऱ्याला. बिचारा म्हणतेय मी. टोपी काढून तो उठला. घोंगडी खाली पडली तेव्हा त्याचा हात कमरेकडे गेला, पिस्तुलापर्यंत पोचलाही, पण हात इतका थरथरत होता की पिस्तूल शर्टातच अडकलं. सात आवाज झाले. पहिल्या दोनांनी तो भिंतीवर आदळला, बाकीचे तो घसरत असताना. भिंतीवर चिकटवलेला हृदयाचा तक्ता त्याच्या पाठीनं फाटून त्याच्याबरोबर खाली आला. घोंगडीवाल्यांपैकी एकानं जवळ जाऊन त्याच्या तोंडावर आठवी झाडली आणि मला म्हणाला, "आभारी आहोत, आई." दोघं चालत फाटकाबाहेर गेले. धावलेसुद्धा नाहीत.

मी गुडघ्यावर बसून त्याच्या मानेवर दोन बोटं ठेवली. माझी बोटं बुळबुळीत रक्तावरून घसरत होती. काही नव्हतं. मग सवयीनं स्वतःच्या मानेवर ठेवली आणि घड्याळात बघत पूर्ण एक मिनिट ठोके मोजले.

अर्ध्या तासानं सार्जंट मानेली आला. त्यानं सांडलेलं सगळं पाहिलं, रिकामा बाक पाहिला, मागच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेले पेशंट पाहिले, आणि मग माझ्याकडे वळला.

"सिस्टर, मारेकरी बाहेरचे होते म्हणता. मग त्यांना हाच तो, हे कसं कळलं?"

"मला काय माहीत," मी म्हणाले. "मी फक्त माझ्या पेशंटला हाक मारली."

माझे बासष्ट होते.